नेमबाजांची फाइल वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा : ठाणे-नवी मुंबईतील अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
शस्त्र परवाने आणि सार्वजनिक क्रीडा सुविधा यांविषयी निर्णय घेणारे ठाणे व नवी मुंबईतील सर्व अधिकारी

महोदय, महोदया,

ठाण्यातील ज्या क्रीडा संकुलात गेली काही वर्षे शाळकरी मुलांचा एअर रायफल आणि एअर पिस्तूलचा सराव चालत असे, तेथील दहा मीटरची रेंज ‘सुरक्षेच्या कारणास्तव पुढील आदेशापर्यंत’ बंद करण्यात येत असल्याची एक पानी सूचना गेल्या महिन्यात दारावर चिकटवण्यात आली. सुरक्षेला नेमका कोणता धोका निर्माण झाला, तक्रार कोणाची होती, पाहणी कोणी केली आणि तो ‘पुढील आदेश’ कोण व कधी काढणार, यांपैकी कशाचाही उल्लेख त्या सूचनेत नाही. विचारणा केली तेव्हा एका टेबलावर सांगण्यात आले की पोलिसांचा अभिप्राय मागवला आहे. दुसऱ्या टेबलावर कळले की असा अभिप्राय मागवल्याची जावक नोंदच नाही. सध्या त्या हॉलमध्ये मोडक्या खुर्च्या आणि फ्लेक्सच्या चौकटी रचून ठेवल्या आहेत.

या पत्रात मी मुद्दामच कोणत्याही कार्यालयाचे किंवा अधिकाऱ्याचे नाव घेतलेले नाही. नाव घेतले की सगळी चर्चा त्या खुर्चीवरच्या माणसापाशी जाऊन थांबते आणि त्याची बदली झाली की तीही संपते. मला जे सांगायचे आहे ते एका माणसाच्या चुकीविषयी नाही. शस्त्रांविषयीच्या कायद्याने खेळाडूला एक वेगळे, स्पष्ट स्थान दिलेले असताना आपल्या टेबलांवर मात्र नेमबाज आणि कमरेला पिस्तूल लावून मिरवू इच्छिणारा माणूस यांच्या फायली एकाच गठ्ठ्यात बांधल्या जातात, ही माझी तक्रार आहे. रेंज बंद होणे, परवाने रखडणे, निवडणुकीत रायफली जमा होणे या तिन्ही गोष्टी त्या एका गठ्ठ्यातून निघालेल्या आहेत.

माझा यात काय संबंध, तेही सांगायला हवे. महाविद्यालयात असताना एनसीसीच्या शिबिरात पॉइंट टू-टू (.२२ इंच व्यासाच्या नळीची) रायफल मी पहिल्यांदा खांद्याला लावली. नेमबाज अंजली भागवत यांची सुरुवातही मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात एनसीसीतूनच झाली होती आणि आमच्या पिढीच्या मुलींना हा खेळ आपल्याला जमू शकतो, हे त्यांच्याकडे पाहूनच कळले. पुढे मी ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथे झोपून नेम धरण्याच्या, प्रकारात राज्य पातळीपर्यंत खेळले, नोकरी-संसारात काही वर्षे खेळ सुटला, आणि आता बंद झालेल्या त्या रेंजवर मी मुलांना शिकवत असे. माझ्याकडे येणारी मुले कळवा, दिवा, ऐरोली, घणसोलीची आहेत. कोणाचे वडील रिक्षा चालवतात, कोणाची आई बँकेत आहे, आणि एकीचे वडील पोलीस शिपाई आहेत; सुरक्षेचे कारण वाचून सर्वांत जास्त हसले ते तेच.

दहा मीटर एअर रायफल म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगते, कारण हा निर्णय घेणाऱ्यांपैकी कोणी रेंज चालू असताना आत पाऊल टाकले होते का, याची मला शंका आहे. या रायफलमध्ये दारू नसते आणि काडतूसही नसते. नळीखालच्या सिलिंडरमधील दाबाखालची हवा साडेचार मिलिमीटर व्यासाचा, जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाचा शिशाचा छर्रा पुढे ढकलते आणि तो साधारण साडेसात ज्यूल ऊर्जेने बाहेर पडतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार वीस ज्यूलपर्यंतच्या आणि .१७७ इंचापर्यंत व्यासाच्या एअरगनला आपल्या देशात परवाना लागत नाही. म्हणजे स्पर्धेची रायफल त्या मर्यादेच्या निम्म्याच्याही खाली असते. लक्ष्य दहा मीटरवर, जमिनीपासून एक मीटर चाळीस सेंटिमीटर उंचीवर टांगलेले असते आणि रायफलच्या लक्ष्यपत्रावरील दहा गुणांची जागा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर साठ शॉट्ससाठी सव्वा तास मिळतो. त्या सव्वा तासात साडेपाच किलोपर्यंतची रायफल उभ्याने धरून, हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणात ट्रिगर दाबायचा असतो. उतावळ्या किंवा संतापी माणसाचे येथे काम नाही, कारण त्याचा तिसरा शॉटच कागदाच्या कडेला जातो.

मूल रेंजवर आले की सुरुवातीचे काही आठवडे त्याला छर्रा मिळतच नाही. नळी सदैव लक्ष्याच्या दिशेने ठेवायची, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरवर न्यायचे नाही, रायफल खाली ठेवली की नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग घालायचा, कोणीही फायरिंग लाइनच्या पुढे गेले की सगळ्यांनी हात मागे घ्यायचे, आणि ‘स्टॉप’ असा आदेश आला की श्वास अर्ध्यात असला तरी थांबायचे, एवढेच शिकवले जाते. घरी दहा वेळा सांगून न ऐकणारा मुलगा येथे एका शब्दात कसा थांबतो, याचे पालकांना फार अप्रूप वाटते. (तो घरी कसा थांबेल, या त्यांच्या पुढच्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्याकडे नाही.)

सुरक्षेची खरीच काळजी असती तर विचारण्यासारखे प्रश्न होते. बंदिस्त हॉलमध्ये शिशाची धूळ साचते. त्यासाठी हवा खेळती राहावी लागते, छर्रे अडवणारे सापळे वेळच्या वेळी रिकामे करावे लागतात, सरावानंतर हात धुतल्याशिवाय डबा उघडू द्यायचा नसतो. हवेच्या सिलिंडरला वापराची मुदत असते आणि ती प्रत्येक सिलिंडरवर कोरलेली असते. या सगळ्याची तपासणी आपण केली असती तर मी स्वतः दारात उभी राहून स्वागत केले असते. परंतु हॉलमधला बंद पडलेला एक्झॉस्ट पंखा दुरुस्त करावा म्हणून आम्ही वारंवार अर्ज दिले, तेव्हा सुरक्षेचे कारण कोणालाही आठवले नाही, आणि परवानाही न लागणाऱ्या रायफलींवर कुलूप लावताना मात्र ते आठवले, हे आम्ही निमूटपणे कसे मान्य करावे?

याच जिल्ह्यात दरवर्षी शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये नेमबाजीची जिल्हास्तरीय स्पर्धा घेतली जाते. त्यात पुढे गेलेल्या मुलांना दहावी-बारावीत क्रीडा गुण मिळतात आणि पुढे शासकीय नोकरीतील पाच टक्के खेळाडू आरक्षणाचा मार्गही याच प्रमाणपत्रांतून जातो. एका हाताने शासन मुलांना या खेळात उतरण्याचे प्रोत्साहन देते आणि दुसऱ्या हाताने सरावाची जागा काढून घेते. त्यातही हे घडले ते ठाण्यात. येथील रुद्रांक्ष पाटील याने २०२२ साली कैरो येथे, वयाच्या अठराव्या वर्षी, याच दहा मीटर एअर रायफलमध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवले. अभिनव बिंद्रा यांच्यानंतर हा मान मिळवणारा तो दुसरा भारतीय. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण जिंकताना त्याने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १८९३.७ गुणांचा जागतिक विक्रम केला. त्याच्या शहरातली मुले आज सरावासाठी जागा शोधत फिरत आहेत.

पर्याय म्हणून आम्हाला तीन नावे सांगण्यात आली : वरळी, पनवेल आणि बालेवाडी. तिन्ही ठिकाणांविषयी माझ्या मनात आदर आहे. पनवेलला सुमा शिरूर यांनी उभे केलेले काम तर कोणत्याही शासकीय योजनेला लाजवील असे आहे; २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोहोचलेली खेळाडू आपल्या शेजारच्या गावात मुलांना शिकवते, याचा मला अभिमानच आहे. परंतु दिव्याच्या मुलीने शाळा सुटल्यावर, संध्याकाळच्या गर्दीत, पाच किलोची रायफल, कॅनव्हासचे जाकीट, पॅन्ट आणि बूट घेऊन वरळीला जावे, सराव करावा आणि परत येऊन दुसऱ्या दिवशीच्या गणिताच्या चाचणीचा अभ्यास करावा, ही सूचना करणाऱ्याने एकदा तो प्रवास करून पाहावा. आमच्या एका मुलीला रायफलची पेटी पाहून एका स्थानकावर लोकलमधून उतरवण्यात आले. पेटीत परवाना न लागणारी एअर रायफल होती, सोबत क्लबचे पत्र होते, स्पर्धेचे प्रवेशपत्र होते. खात्री पटेपर्यंत तिला बाकावर बसवून ठेवले आणि तिची स्पर्धेची फेरी हुकली. त्या कर्मचाऱ्याने विचारपूस केली याला माझा आक्षेप नाही, ते त्याचे कामच आहे. कोणता कागद पाहिला म्हणजे खात्री पटते हे त्याला कोणीच सांगितलेले नव्हते, यावर माझा आक्षेप आहे.

आता परवान्यांकडे येते. दहा मीटरच्या पुढे २५ आणि ५० मीटरचे प्रकार सुरू होतात. तेथे पॉइंट टू-टूचे काडतूस लागते, म्हणून परवानाही लागतो आणि तो लागलाच पाहिजे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी कांस्यपदक मिळवले ते ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभ्याने) या प्रकारात, ४५१.४ गुणांसह. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक यायला ७२ वर्षे लागली. त्या ऑलिम्पिकमध्ये भारताला एकूण सहा पदके मिळाली, त्यांपैकी तीन नेमबाजीतली होती. राज्य सरकारने कुसळे यांना एक कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले, ते योग्यच झाले. कुसळे हे शासनाच्याच क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आलेले खेळाडू आहेत, हे मात्र पारितोषिकाच्या बातमीत दबून गेले. शासनाने मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचा तो दाखला आहे.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मधील पोटकलम (३) कृपया पुन्हा एकदा वाचावे. तेथे अर्जदारांमध्ये भेद केला आहे. स्वसंरक्षणासाठी पिस्तूल मागणाऱ्याच्या बाबतीत, त्याच्याकडे सबळ कारण आहे असे परवाना प्राधिकाऱ्याचे समाधान झाले तरच परवाना द्यायचा आहे. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या रायफल क्लबच्या किंवा संघटनेच्या सदस्याला लक्ष्यवेधाच्या सरावासाठी शस्त्र हवे असेल, तर त्याला परवाना देणे प्राधिकाऱ्यावर बंधनकारक केलेले आहे. कलम १४ मध्ये नकाराची जी कारणे दिली आहेत, म्हणजे मानसिक स्थिती, गुन्हेगारी पार्श्वभूमी, सार्वजनिक शांतता वगैरे, ती खेळाडूलाही लागू होतात आणि त्यांची कसून तपासणी व्हावी, याच मताची मी आहे. परंतु ती कारणे नसताना, ‘तुम्हाला शस्त्राची गरजच काय’ हा प्रश्न खेळाडूला विचारण्याला कायद्यात आधार नाही.

प्रत्यक्षात काय होते? राज्य स्पर्धेत पदक मिळवलेल्या, एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याचा पॉइंट टू-टू रायफलीसाठीचा अर्ज ‘जिवास धोका असल्याबाबतचे पुरावे जोडलेले नाहीत’ अशी त्रुटी काढून परत करण्यात आला. त्याच्या जिवाला कोणाकडूनही धोका नाही. असलाच तर अभियांत्रिकीच्या चौथ्या सेमिस्टरकडून आहे, असे तो म्हणतो, पण ते अर्जात लिहिता येत नाही. त्याने क्लबचे सदस्यत्व, स्पर्धांची प्रमाणपत्रे, संघटनेचे शिफारसपत्र असे सगळे पुन्हा जोडले. मग अर्ज चौकशीसाठी पोलीस ठाण्यात गेला आणि तेथून अहवाल आलेला नाही, एवढेच आजवर त्याला सांगितले जाते. पोलीस अहवालासाठी मुदत ठरवून दिलेली आहे आणि त्या मुदतीत अहवाल आला नाही तर त्याची वाट न पाहता प्राधिकाऱ्याला निर्णय घेता येतो, हे त्याच कलम १३ मध्ये लिहिलेले आहे. नाकारायचा असेल तर कारणे लेखी नोंदवायची आहेत आणि त्याविरुद्ध कलम १८ खाली अपील करता येते. ज्या अर्जावर होकारही नाही आणि नकारही नाही, त्यावर अपील कशाचे करणार? खेळाडूच्या बाबतीत विलंब हाच नकार ठरतो, कारण कनिष्ठ गटातून वरिष्ठ गटात जाण्याचे वय कोणत्याही फाइलसाठी थांबत नाही.

ज्यांचा परवाना निघतो त्यांच्यापैकी अनेकांच्या परवान्यावर ‘महाराष्ट्र राज्यापुरता’ असा शेरा असतो. राष्ट्रीय स्पर्धा दिल्लीत तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंह रेंजवर किंवा भोपाळला होतात. प्रत्येक स्पर्धेपूर्वी नव्याने परवानगीसाठी खेटे घालण्यात जे दिवस जातात, ते सरावाचे दिवस असतात. याविषयी अधिक लिहीत नाही. एका शेऱ्याने सुटणारा प्रश्न आहे.

शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली, आणि लग्न-मिरवणुकीत हवेत गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. त्यानंतर लगेच, फेब्रुवारी २०२० मध्ये, केंद्र सरकारने आंतरराष्ट्रीय पदकविजेत्या व नामांकित नेमबाजांसाठी सवलतीची मर्यादा सात शस्त्रांवरून बारापर्यंत नेली आणि सरावाच्या काडतुसांची वार्षिक मर्यादाही वाढवली. मिरवणाऱ्यावर बंधने वाढवायची आणि खेळणाऱ्याला मोकळीक द्यायची, हे धोरण दिल्लीने इतक्या स्वच्छपणे आखून दिलेले असताना ते ठाण्याच्या खाडीपर्यंत का पोहोचत नाही, हे मला उमगलेले नाही.

आणि निवडणुका. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्यात २० मे रोजी लोकसभेसाठी आणि २० नोव्हेंबर रोजी विधानसभेसाठी मतदान झाले. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार कोणाची शस्त्रे जमा करायची, हे छाननी समितीने प्रकरणागणिक ठरवायचे असते आणि राष्ट्रीय रायफल संघटनेचे सदस्य असलेल्या, स्पर्धांत भाग घेणाऱ्या खेळाडूंना त्यातून वगळलेले आहे. तरीही दोन्ही वेळी आमच्याकडच्या नेमबाजांना सरसकट नोटिसा आल्या. सूट असल्याचे कागद घेऊन मी गेले तेव्हा ‘वरून यादी आली आहे, आधी जमा करा, मग बोला’ असे उत्तर मिळाले. लोकसभेच्या वेळी माझी रायफल पोलिसांच्या मालखान्यात गेली, ती जूनमध्ये आचारसंहिता संपल्यावर परत मिळाली. पावसाळ्याच्या तोंडावर तेलाचा हात न लागलेल्या नळीचे काय होते, हे खाडीकाठी राहणाऱ्याला सांगायला नको. नळीच्या आत गंज धरला होता, आणि स्पर्धेच्या रायफलीला नळी खराब झाली म्हणजे बाकी उरते ते फक्त वजन. नुकसानीबद्दल विचारले तर त्यासाठी कोणताही नमुना अर्ज नाही, असे कळले. त्या काळातल्या स्पर्धा बुडाल्या, त्याविषयी तर विचारण्याचीही सोय नव्हती.

हे सगळे लिहिताना आपल्या बाजूची भीती मला कळत नाही, असे समजू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच जिल्ह्यात, उल्हासनगरला, पोलीस ठाण्याच्या आतच गोळीबार झाला. वाढदिवसाच्या मिरवणुकीत पिस्तूल उंचावून काढलेली छायाचित्रे आपण सगळेच पाहतो. आणि सर्वांत अप्रिय गोष्ट आमच्याच अंगणातली आहे : वर्षाकाठी एकही स्पर्धा न खेळता, केवळ परवाना सोपा व्हावा म्हणून रायफल क्लबचे सदस्यत्व घेणारे लोक आहेत. त्यांना आम्ही ओळखतो आणि त्यांचा आम्हाला आपल्यापेक्षा जास्त राग येतो, कारण त्यांच्यामुळे आमच्या प्रत्येक कागदाकडे संशयाने पाहिले जाते. त्यांना शोधून काढण्याचा उपाय सोपा आहे. स्पर्धांचे निकाल छापील असतात, रेंजवरची हजेरी नोंदलेली असते, काडतुसांचा हिशेब परवान्यावर असतो. तीन वह्या शेजारी-शेजारी उघडल्या तर खेळाडू कोण आणि हौशी बंदूकधारी कोण, हे तासाभरात कळेल. ते न करता सगळ्यांनाच अडवून ठेवल्याने तो हौशी माणूस अडत नाही. त्याच्याकडे ओळखी असतात. अडते ती रिक्षाचालकाची मुलगी.

शस्त्र बाळगणे हा प्रत्येकाचा जन्मसिद्ध अधिकार आहे, अशी मागणी मी करीत नाही. अमेरिकेतल्या चर्चा येथे आणून आदळण्याचीही मला हौस नाही. आपल्याकडे शस्त्र ही परवान्याने मिळणारी गोष्ट आहे आणि ती तशीच राहावी. परंतु परवाना देणारी व्यवस्था नागरिकाकडे कोणत्या नजरेने पाहते, हा प्रश्न आपल्या देशात जुना आहे. इंग्रजांनी १८७८ साली केलेला शस्त्र कायदा भारतीयांना निःशस्त्र करण्यासाठी होता, त्यातून युरोपियनांना सूट होती, आणि त्याला त्या काळी झालेला विरोध हा प्रामुख्याने या अविश्वासाला होता. १९५९ चा कायदा स्वतंत्र देशाच्या संसदेने केला आणि त्यात लक्ष्यवेधाचा सराव करणाऱ्या नागरिकासाठी जाणीवपूर्वक जागा ठेवली. कायदा बदलला, पण अर्जावर त्रुटी काढण्याची रीत मात्र जुन्याच कायद्याच्या काळातली वाटते.

आमच्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांना एक रुपयाही लागत नाही. बंद केलेली दहा मीटरची रेंज पंधरा दिवसांत पुन्हा उघडावी. ते शक्य नसेल तर आमच्या समक्ष पाहणी करून, नेमकी त्रुटी आणि ती दूर करण्याची मुदत सांगणारा लेखी आदेश काढावा. मान्यताप्राप्त क्लबच्या सदस्यांच्या परवाना अर्जांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी, त्यांना जिवाला धोका असल्याचे पुरावे मागू नयेत, पोलीस अहवाल मुदतीत न आल्यास कलम १३ प्रमाणे निर्णय घ्यावा आणि नकार असेल तर तो कारणांसह लेखी द्यावा. राष्ट्रीय स्पर्धांसाठी पात्र ठरलेल्या खेळाडूंचे परवाने संपूर्ण भारतासाठी वैध करावेत. पुढच्या प्रत्येक निवडणुकीपूर्वी स्पर्धा खेळणाऱ्या नेमबाजांची यादी संघटनेकडून मागवून ती छाननी समितीपुढे ठेवावी, म्हणजे सूट असलेल्यांना नोटिसाच जाणार नाहीत. आणि एखाद्याचे शस्त्र जमा करायचेच ठरले, तर ते परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे नीट तेलपाणी करून ठेवण्याची मुभा द्यावी. लोकल आणि बसने प्रवास करणाऱ्या अल्पवयीन नेमबाजांना छायाचित्रासह एकच ओळखपत्र द्यावे, ज्यावर एअर रायफलीला परवाना लागत नाही, हे स्पष्ट मराठीत छापलेले असेल.

पैसे लागतील अशी मागणी एकच आहे. ठाणे आणि नवी मुंबई मिळून एक सार्वजनिक रेंज व्हावी, जिथे २५ आणि ५० मीटरचा सराव होऊ शकेल. जागा नाही, हे उत्तर मला पाठ आहे. पारसिकच्या डोंगररांगेत बंद पडलेल्या दगडखाणी आहेत. तीन बाजूंनी कातळ असलेली जागा गोळी अडवण्याच्या दृष्टीने मोकळ्या मैदानापेक्षा केव्हाही सोयीची असते. तांत्रिक पाहणी तज्ज्ञांनी करावी, छप्पर, आडव्या भिंती आणि मागचा मातीचा बांध यांचे निकष त्यांनी ठरवावेत. पण निदान पाहणी तरी व्हावी. दहा मीटरसाठी तर तेवढेही लागत नाही. पंधरा-सोळा मीटर लांबीचा कोणताही बंदिस्त हॉल पुरतो आणि एका नेमबाजाला रुंदीला एक मीटर जागा लागते. पालिकेच्या किती शाळांमध्ये असे हॉल संध्याकाळी रिकामे असतात, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

आमच्याकडून आम्ही काय देऊ, तेही लिहून देते. रेंजवर येणाऱ्या प्रत्येकाची हजेरी आणि प्रत्येक रायफलीचा क्रमांक रोज नोंदवला जाईल आणि ती वही आपला प्रतिनिधी केव्हाही, आगाऊ न कळवता, तपासू शकेल. कॅमेरे आम्ही आमच्या खर्चाने बसवू. वर्षभरात एकही अधिकृत स्पर्धा न खेळलेल्या परवानाधारक सदस्यांची यादी आपल्याकडे दर वर्षी स्वतःहून पाठवली जावी, असा ठराव आमच्या क्लबमध्ये मी मांडणार आहे. त्यामुळे क्लबमधले काही लोक माझ्यावर नाराज होतील, याची मला कल्पना आहे.

या पत्राची प्रत टपालाने आपल्या कार्यालयांकडे पाठवली आहे. तीस दिवसांत उत्तर आले तर ते, अनुकूल असो वा प्रतिकूल, आम्ही या पत्राइतकेच जाहीरपणे पालकांसमोर वाचून दाखवू. आले नाही तर रेंज बंद करण्याच्या फाइलीवरील सर्व टिपण्या आणि नेमबाजांच्या प्रलंबित अर्जांचा तपशील माहितीच्या अधिकारात मागू, आणि मिळालेल्या कागदांसह पुढच्या वरिष्ठांकडे जाऊ. त्याआधी आपल्यापैकी कोणाला रेंज प्रत्यक्ष पाहायची असेल, तर कुलूप उघडून खुर्च्या बाजूला करण्याची सोय तेवढी करावी. रायफली, लक्ष्यपत्रे आणि मुले घेऊन मी अर्ध्या तासात येते.

आपली,
एक नेमबाज व प्रशिक्षक
ठाणे